एक जूनची माणसं

माझे बाबा, शांताराम, एक जूनला जन्मलेले नाहीत. ते जन्मले तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, पासष्टची लढाई संपली त्या वर्षी. आजी हे शपथेवर सांगायची. पण थोरल्या भावाबरोबर शाळेत जायचं म्हणून त्यांनी रडून घर डोक्यावर घेतलं, आणि हेडमास्तरांनी त्यांना दीड वर्षानं मोठं करून एक जून चौसष्ट अशी तारीख टाकून दिली. शाळा जूनमध्ये उघडायची, त्यामुळे त्या काळी अर्धं गाव एक जूनलाच जन्मायचं.

हा माणूस पुढे दिल्लीत एका सरकारी इस्पितळात एमआरआय काढायच्या कामाला लागला. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये त्यांचा वाढदिवस आम्ही तुळशीच्या लग्नालाच केला, ऊस आणि आवळ्यांसकट. एक जूनला ऑफिसातल्या कुणी शुभेच्छा दिल्या तर म्हणायचे, "वो हेडमास्टर साहब का दिन है."

सरकारी नियमानं एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशीच रिटायर होतो, म्हणजे एकतीस मेला. तारीख बदलून घ्यायची असेल तर नोकरी लागल्यापासून पाच वर्षांत घ्यायची. बाबांनी अर्ज केला तो नोकरीच्या तेहतिसाव्या वर्षी. आमच्याकडे घाई कधीच नसते.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी दिल्लीत सतरा वर्षांखालच्या मुलांची आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा ठरली. तीही मे महिन्यात. दिल्लीच्या मे महिन्यात फुटबॉल ठेवायची अक्कल कुणाची, ते मला विचारू नका. मुलं खरंच सतराच्या खालची आहेत का, हे बघायला मनगटाचा एमआरआय काढतात. हाड वाढत असतं तोवर त्याच्या टोकाशी एक पट्टी दिसते. वाढ संपली की ती मिटते, आणि पट्टी मिटलेला मुलगा संघाबाहेर. आपल्या मुलांची मनगटं मार्चमध्ये बाबांच्या वाट्याला आली.

कागद तपासायच्या दिवशी त्यांना कोल्हापूरचा अंकुर भेटला. गोलकीपर. आईबाप वीटभट्ट्यांवर फिरतीला, पोरगं भट्टीवरच जन्मलं, नोंद कुणी केली नाही, आणि आता आईबाप दोघंही नाहीत. शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी तारीख टाकली. कोणती, ते सांगायला नकोच.

"अरे, म्हणजे तू आपल्यातलाच की," बाबा म्हणाले आणि रविवारी त्याला घरी जेवायला घेऊन आले. आईनं कोल्हापूरच्या माणसापुढे तांबडा रस्सा ठेवण्याचं धाडस केलं. पोरगा सभ्य. म्हणाला, "काकू, भात लई भारी झालाय." मग बाबांना त्यानं सोफ्यासमोर उभं राहून पेनल्टी कशी अडवायची ते दाखवलं. या संघात राहिलो तर नोकरीचं बघता येईल, आज्जीला भाड्याच्या खोलीतून काढता येईल, असं तो अगदी सहज बोलून गेला. आई आत जाऊन उगाचच भांडी घासत बसली.

बुधवारी त्याचं मनगट मशीनमध्ये गेलं. छत्तीस वर्षांत बाबांनी कुणाचा फोटो विनाकारण दुसऱ्यांदा काढला नव्हता. त्या दिवशी तीनदा काढला. डॉक्टरांनी विचारलं, "पहलीवाली में क्या खराबी थी?"

"कुछ नहीं, सर," बाबा म्हणाले.

तिन्ही फोटोंत पट्टी नव्हती. अंकुर त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या गाडीत बसला.

घरी आईनं तोंडसुख घेतलं. "स्वतःचं वय खोटं, आणि त्या पोराला बाहेर काढताय?"

"मी कुठे काढलं? मी फोटो काढला," बाबा म्हणाले. "सोळाव्या वर्षीही मिटते कधीकधी. शंभरात एखाद्याची."

"मग तो एखादा हाच असेल."

"असेल. मशीनला ते कळत नाही."

"मग तुम्हाला कळतं ते बोला ना जाऊन."

बाबा काही बोलायला गेले नाहीत. मला त्यांचा राग आला. अजून थोडा आहे.

मे महिन्यात आम्ही सामने टीव्हीवर पाहिले. आपल्या नव्या गोलकीपरनं दोन सामन्यांत सात गोल खाल्ले. सातव्याला बाबा म्हणाले, "याचं मनगट मात्र बरोबर आहे," आणि टीव्ही बंद करून मंडईत गेले.

एकतीस मेला त्यांना शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. निघण्याआधी त्यांनी बरोबरच्या टेक्निशियनला बसवून स्वतःच्या मनगटाचा फोटो काढून घेतला. तो फोटो घरी आणून मला दाखवला. त्यांची पट्टी अर्थातच मिटलेली होती.

"मग? कळलं का खरं वय?" मी विचारलं.

"सतराच्या वर," बाबा म्हणाले. "त्याच्यापुढे मशीन काही सांगत नाही. त्याचा आणि माझा रिपोर्ट एकच."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. अंकुर होता. कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघातून खेळतोय म्हणाला, तिथं वय कुणी विचारत नाही. मग म्हणाला, "काका, हॅपी बर्थडे. तुमचा आन् माझा एकच की."

हेडमास्तरांचा दिवस आहे, हे वाक्य आता येणार म्हणून मी आणि आई वाट बघत राहिलो. बाबांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"तुलाही, बाळा," ते म्हणाले. "आज्जीला नमस्कार सांग."

फोन ठेवून ते बराच वेळ नवं घड्याळ कुठे लावायचं ते बघत उभे राहिले. मग आईला म्हणाले, "शिरा कर. आज आमचा वाढदिवस आहे."