खोबरेल लावलेली मोटार

खजुरीच्या श्रीमंतराव पाटलांकडे मोटार आहे हे गाव विसरेल की काय, या भीतीनं ते रोज सकाळी तिचा हॉर्न वाजवत. पोलीस अ‍ॅक्शननंतर एक जागीरदार हैदराबादेला निघून गेला, तो जाता जाता ती यांच्या गळ्यात बांधून गेला. तेव्हापासून श्रीमंतरावांचे पाय जमिनीला लागेनात. मळ्यात जायचं तरी मोटारच. मळा घरामागंच होता, ही गोष्ट वेगळी.

या थाटाचा भुर्दंड भरला तो सुमनबाईंनी. त्यांचं माहेर मादन हिप्परगा. बैलगाडीनं सकाळी निघावं आणि जेवायला पोचावं, इतकं जवळ. पण मोटारवाल्याची बायको बैलगाडीत बसली तर नाक कापलं जाईल म्हणून मालक जाऊ देत नसत, आणि मोटार नेमकी ऐन वेळी रुसायची. अशा तीन येळवशी गेल्या. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला इकडं सगळं गाव शेतात भज्जी-आंबील खायला जातं, लेकी माहेरी येतात. यंदा सुमनबाईंचे वडील, माणिकप्पा, अंथरुणाला खिळले होते. पुढची येळवस ते बघतील असं कुणी म्हणत नव्हतं. सुमनबाईंचा जीव तिकडंच लागला होता.

आदल्या दिवशी श्रीमंतरावांनी मोटारीला पोळ्याच्या बैलासारखं न्हाऊ घातलं. दारं कुरकुरत होती. घरात करडीचं तेल डबाभर होतं, पण जागीरदाराच्या मोटारीला करडीचं तेल लावणं शोभतं का? गुलबर्ग्याहून आणलेलं वासाचं खोबरेल त्यांनी कुलपांत, बिजागऱ्यांत, काचांच्या खाचांत जिरवलं. थंडीत खोबरेलाची बाटली चुलीपाशी ठेवल्याशिवाय थेंब बाहेर येत नाही, असं सुमनबाई म्हणाल्या. वेणीफणीतलं शहाणपण यंत्राला लागू नसतं, असं मालकांनी समजावलं.

त्या रात्री थंडीनं कहर केला. पहाटे काचांवर दंव गोठून मीठ पसरल्यागत थर बसला होता आणि चारी दारं गच्च. श्रीमंतरावांनी ओढून पाहिलं, लाथ मारली, जागीरदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी बंबातलं कढत पाणी समोरच्या काचेवर ओतलं. काच या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकली. दार मात्र तसंच.

सुमनबाईंनी आंबिलीचं मडकं उचललं आणि गड्याला बैलगाडी जुंपायला सांगितली. लोक काय म्हणतील, असं मालकांनी विचारलं.

"लोकांचं तीन वर्सं ऐकले. आता अप्पाचं ऐकून येते."

ऊन तापलं तसं खोबरेल पातळ झालं आणि दार आपसूक उघडलं. श्रीमंतरावांनी मोटार दामटली. अर्ध्या वाटेत हॉर्न वाजवून बैलगाडी थांबवली, उतरले आणि मोटारीचं दार अदबीनं उघडून धरलं. सुमनबाई जागच्या हलल्या नाहीत. बैल पुन्हा चालू लागले. वाट अरुंद, पुढं काढायला जागा नाही. जागीरदाराची मोटार बैलांच्या मागं रांगत हिप्परग्यात शिरली आणि ते सगळ्या गावानं पाहिलं.

माणिकप्पांची बाज अंगणात उन्हाला टाकली होती. म्हाताऱ्यानं लेकीचा हात चाचपला.

"इतकी वर्सं कामून आली न्हाईस, बाई?"

श्रीमंतराव कुंपणाशी घुटमळत होते. सुमनबाईंनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मोटारीची वाट बघत बसले, अप्पा. बैलं दारातच हुती."