कानाने चव घेणारी मिने

...तर काल सांगत होतो तसं, आमच्या मिनेने रस्सा कसा झालाय हे गिऱ्हाइकाला कधीच विचारलं नाही. जपानातल्या सासेबो बंदरावरच्या तिच्या खानावळीत ती पडद्याआड चुलीशी उभी राहायची आणि बाहेरचे भुरके ऐकायची. नूडल्सचा दणदणीत भुरका वाजला, की रस्सा जमला.

एका दुपारी परदेशी बोटीवरचे कोवळे खलाशी जेवायला बसले आणि खानावळ चिडीचूप झाली. मिनेने रस्सा चाखला, पुन्हा चाखला. मग पडद्यातून डोकं काढून बाहेर जेवत बसलेल्या मला म्हणाली, "हेइसाकुदादा, माझी जीभच मेली वाटतं. देते सगळा ओतून!"

"थांब गं जरा," म्हणत मी पोरांकडे वळलो. "काय रे, आवडलं नाही होय?"

एकाला आमची भाषा थोडी येत होती. तो हळूच म्हणाला, "फार आवडलं, आजोबा. पण साहेबांनी बजावलंय, परक्या मुलखात खाताना तोंडाचा आवाज करायचा नाही."

"तुमच्या साहेबाला काय कळतंय! इथं गुपचूप खाल्लं, तर रांधणारीला घोर लागतो. हे बघा!" मी वाडगा तोंडाशी नेऊन असा भुरका मारला, की पोरं खिदळली आणि एकेक करून भुरकू लागली.

आत डोकावलो. पातेलं चुलीवरच होतं आणि मिने पडद्याला कान लावून उभी होती.

"काय, झालं समाधान?"

"कोपऱ्यातला एक अजून गप्पच आहे. जीभ भाजली असेल लेकराची, त्याला गार पाणी नेऊन दे."