मोठा कट

काय सांगू राजेहो, माणसाने फोनवर हळू बोलावं! मी जन्मभर मोठ्याने बोलत आलो, आणि त्यापायी एकदा सख्ख्या सासऱ्याचा खुनी ठरता ठरता वाचलो. हसू नका, आधी ऐका.

सासूबाई गेल्या आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, जऊळक्याच्या घरात एकटे पडले. बायकोने हातापाया पडून त्यांना आमच्याकडे मेडशीला आणलं. पण माणूस बोलेच ना! दिवसभर ओसरीत सूप घेऊन तूर निवडत बसायचे. बायको म्हणायची, "बाबा असेच राह्यले तं वापस जातीन, अन् तिथं एकटे खंगून जातीन." मलाही फार वाईट वाटायचं.

आता मला सुचून सुचून काय सुचावं? सिनेमा! मला अजस्र प्राण्यांच्या सिनेमांचं भारी वेड. त्यातल्याच एकात डोंगराएवढा प्राणी समुद्रातून निघतो आणि गावं तुडवत सुटतो. थेटरात आला तो आखूड. नंतर कापलेले प्रसंग जोडून लांब केला, त्याला आम्ही शौकीन लोक 'मोठा कट' म्हणतो. शौकीन म्हणजे दोघंच, मी आणि मोबाईलच्या दुकानातला दिनेश.

तर मी अंगणात उभा राहून दिनेशला फोनवर सांगतोय, "छोट्या कटात म्हातारा पयल्याच झटक्यात मरते रे! काई मजा नाई. मामाजीसाठी मोठा कटच पाह्यजे. त्यात म्हातारा आरामानं मरते. रविवारी करून टाकू. खिडक्या झाकून घेतो मी."

म्हातारा म्हणजे सिनेमातला नावाडी हो! पण ओसरीतलं सूप थांबलं, हे मला कुठे कळलं?

संध्याकाळी जेवायला बसलो. मामाजींनी माझं ताट बघितलं, मग स्वतःचं बघितलं, आणि हळूच ताटांची अदलाबदल केली. मला वाटलं, माझ्या ताटात वांगी जास्त दिसली असतील.

रविवारी मी खिडक्यांना गोधड्या लावल्या. "मामाजी, या आत. दार लावून घेतो."

"दार कायले लावता?"

"उजेड नाई पाह्यजे."

"अन् आवाज?"

"बाहीर जाऊ देत नाई. तुमी चिंताच नका करू!"

मी टीव्ही लावेपर्यंत मामाजी पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर! बायको धावत गेली, त्यांना घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "काहो, तुमी माह्या बापाले मारून राह्यले काय?"

मी शपथा घेतल्या. दिनेशला फोन लावून त्याच्याकडून वदवून घेतलं. शेवटी मामाजी बसले, पण दाराजवळ, पिशवी मांडीवर घेऊन. दार सताड उघडं.

छोट्या कटात तो नावाडी येतो काय आणि पायाखाली जातो काय, त्याचं नावसुद्धा कळत नाही. मोठ्या कटात तो आधी निवांत भेटतो. मेलेल्या बायकोचं जाळं शिवत बसतो आणि आज समुद्र कसा आहे, मासळी किती आली, सगळं तिला सांगतो. प्राणी तोच आणि पायही तोच, पण या खेपेला तो पाय पडतो तेव्हा छातीत कळ येते. म्हणून मी म्हणतो, सिनेमा लांबला म्हणजे बिघडलाच असं नाही.

मामाजींनी पिशवी खाली ठेवली. "मी बी असाच बोलतो तिच्यासंगं," ते म्हणाले. "तूर निवडता निवडता. मनात."

मग ते मोठ्याने बोलू लागले. सासूबाईंचं हसणं, त्यांचं रुसणं, त्यांच्या हातची भाकर. बायको रडली. मीही रडलो, त्यात कसली लाज?

मामाजी आता कायमचे आमच्याकडेच आहेत. चहा आला की पहिला कप स्वतःच्या हाताने माझ्यापुढे सरकवतात, "जवाईबुवा, पयले तुमी घ्या."

पाहुणे म्हणतात, वा, जावयाचा मान ठेवावा तर असा! मी निमूट घोट घेतो. मामाजी थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहतात, आणि मगच आपला कप उचलतात.