आईला ठेवून घेताना

त्या वर्षी मी ईस्ट कोस्टजवळच्या एका ट्यूशन सेंटरमध्ये ब्रिटनची राज्यघटना शिकवत होते, आणि घरी आईला सिंगापुरात ठेवून घेण्यासाठी धडपडत होते. बाबा गेल्यावर ती पुण्यात एकटी पडली. एकदा बाथरूममध्ये घसरली, ते शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. मी तिला पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटवर आणलं, पण व्हिजिट पासवर. कायम राहायचं तर लाँग टर्म पास हवा, आणि त्यासाठी नवऱ्याचा पगार ठरावीक आकड्याच्या वर हवा. तो आकडा नेमका तेव्हाच वाढवला गेला आणि आम्ही त्याच्या खाली राहिलो.

वर्गात मी सांगायचे, हुकूम राणीच्या नावाने निघतो, पण ठरवतं मंत्रिमंडळ. राणी मंत्र्यांच्या सल्ल्याबाहेर जात नाही. मंत्री संसदेचा विश्वास असेपर्यंतच मंत्री, आणि संसदेत बहुमत त्यांच्याच पक्षाचं, त्यामुळे तो विश्वास सहसा असतोच. त्यांनी धोरण आखायचं, खात्यातल्या अधिकाऱ्यांनी ते राबवायचं. सिंगापूरचा साचाही तोच, फक्त राणीच्या जागी राष्ट्राध्यक्ष. मागून एक मुलगी म्हणाली, "सो नोबडी इज द बॉस, लाह?" वर्ग हसला. मी फळ्यावर बाणांची आकृती काढली. अशा आकृत्या मला फार सुबक जमतात.

आईला असल्या गोष्टी पटत नसत. "कुणीतरी वर बसलेला असतोच गं. कुणाच्या हातात आहे ते शोध, म्हणजे झालं." तिचा अनुभव तसाच होता. मावशीची बदली गडचिरोलीला झाली, तेव्हा हीच तिला घेऊन मंत्र्याच्या जनता दरबारात गेली होती. मंत्र्याने अर्जाच्या कोपऱ्यात शेरा मारला आणि बदली रद्द झाली. राज्य कसं चालतं हे आईला त्या दिवशी कळलं, ते कायमचं.

म्हणून तिच्या आग्रहाखातर आम्ही आमच्या खासदाराला भेटायला गेलो. आठवड्यातून एका संध्याकाळी ते एका ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत लोकांची गाऱ्हाणी ऐकत. आई इरकली नेसली, बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला. रांग लावणाऱ्या स्वयंसेवक मुलीने डबा दोन्ही हातांनी अदबीने परत केला. "आंटी, सॉरी, कॅनॉट." आई माझ्या कानात म्हणाली, "कमी पडले का गं? मोठा डबा आणायला हवा होता." मला हसू आलं आणि त्याच रांगेत लगेच रडूही आलं.

खासदारांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, मी विनंती कळवतो, पण निर्णय खात्याचा. मी आईला ते मराठीत सांगितलं. "त्यांना म्हणावं, कोपऱ्यात शेरा मारा," आई म्हणाली. खासदार माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "शी सेज थँक यू."

खात्याने नकार कळवला, तोही अतिशय नम्रपणे. चौकशीला गेले तर काउंटरवरच्या बाईंना खरंच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, पॉलिसी आहे. पॉलिसी मंत्र्यांची, मंत्री संसदेला बांधील, संसद मतदारांना, आणि आम्ही मतदार नव्हतो. भांडायला समोर माणूस लागतो. इथे सगळे सभ्य होते, आणि कुणीच नव्हतं. नवरा म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा आहे, हे चांगलंच नाही का?" चांगलंच होतं. मला त्याचा इतका राग आला की दोन दिवस मी धड बोलले नाही. मला शेरा मारणारा मंत्री हवा होता. जन्मभर ज्यांना नावं ठेवली तसलाच एक.

पासची मुदत संपत आली. पुण्यात तिने एकटीने राहणं शक्यच नव्हतं, म्हणून कोथरूडच्या एका वृद्धाश्रमात खोली घेतली. चांगी विमानतळावर मी काचेच्या अलीकडे थांबले. पलीकडे इमिग्रेशनच्या काउंटरवर आई बराच वेळ उभी दिसली. हात जोडून काहीतरी बोलत होती. अधिकारी हसला, त्याने मान हलवली, पासपोर्ट परत दिला.

वृद्धाश्रमातून तिचा फोन आला तेव्हा आवाजात किती दिवसांनी उत्साह होता. "अगं, भेटला तो माणूस! मी सांगितलं, आता मला मुलीकडे राहू द्या. हो म्हणाला. शिक्कासुद्धा मारला."

तो देश सोडल्याचा शिक्का होता.

"बरं झालं," मी म्हटलं. तिथल्या बाई मला नंतर सांगायच्या, तुमच्या आई कपाट वापरत नाहीत, कपडे बॅगेतच ठेवतात.