टोल्यावरची दुनाळी रायफल

दसऱ्याला कुणी हातात आपट्याची पानं ठेवली की मला अजूनही एक रायफल आठवते. निवृत्त होऊन सिंदी मेघेत घर बांधलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतलं पुष्कळसं विसरलो. ही केस तशी किरकोळ होती. गुन्हा शस्त्र कायद्याचा, आरोपी गरीब, मुद्देमाल एकच. पण ती काही डोक्यातून गेली नाही.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ होता. आर्वीकडच्या भागात जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. माणसांची नावं सांगत नाही, कारण त्यांची नातवंडं आज त्याच गावांत नांदत आहेत. वाघाच्या शिकारीवर बंदी घालणारा कायदा नवा होता आणि त्याच हंगामात जंगलात एक मेलेला वाघ सापडला, नखं आणि कातडं काढून नेलेला. वनखात्याचे साहेब रोज विचारत, तपास कुठवर आला? मी रोज सांगे, चालू आहे. खरं म्हणजे तपास जागचा हलला नव्हता.

अशात दिवाळीच्या तोंडावर बैलांचा एक दलाल ठाण्यात आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "साहेब, डोंगराच्या बुडाशी गोंडाचा टोला हाय ना, तिथं त्या बुढ्या हाकाऱ्याच्या घरी लय मोठी बंदूक हाय. वाघाचीच हाय थे."

खबऱ्याच्या बातमीत निम्मी बातमी असते आणि निम्मं वैर. या दलालाचं त्या हाकाऱ्याशी मोहफुलावरून वाजलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी बातमी आली की झडती घ्यावीच लागते. पंच घेतले, जमादार घेतला आणि सकाळीच टोल्यावर, त्या गोंडांच्या वस्तीवर, गेलो.

हा हाकारा म्हणजे पूर्वी शिकारीत रान उठवून जनावर बंदुकीपुढं आणून देणारा माणूस. शिकारी बंद झाल्या तसा तो जंगलात लाकूडतोडीच्या कामाला लागला होता. साठीकडे झुकलेला, काटक आणि कमी बोलणारा. आम्हाला पाहून तो पळाला नाही. धान्याच्या कणगीमागून जमादारानं एक लांब गाठोडं ओढून काढलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली रायफल निघाली. पाचशे बोअरची, दुनाळी, विलायती बनावटीची, दोन हातांनी उचलावी लागावी अशी वजनदार. दस्त्यावर वेलबुट्टीचं कोरीव काम होतं. काडतूस मात्र घरात एकही सापडलं नाही.

पंचनामा केला आणि त्याला ठाण्यात आणलं. विचारलं, "कुठून आणली?"

"नाल्यात सापडली, साहेब."

"कोणत्या नाल्यात?"

त्यानं एका दिशेला हात केला. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं तर दुसऱ्या दिशेला केला. इतका कच्चा खोटारडा मी नोकरीत पाहिला नाही. जमादार बाह्या सरसावून म्हणाला, "साहेब, माह्या हाती द्या. एका घंट्यात पोपटावानी बोलीन." मी नाही म्हटलं. यात माझा मोठेपणा नव्हता. मारानं माणूस बोलतो, पण आपल्याला हवं तेच बोलतो, आणि मग कोर्टात आपणच तोंडघशी पडतो.

नळी उजेडाकडं धरून पाहिली तर आतून उजेडच येईना. दोन्ही नळ्यांत कुंभारमाशीनं मातीची घरं केली होती, जुनी, वाळून दगड झालेली. म्हणजे वाघ या रायफलीनं मेला नव्हता. वनखात्याच्या साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, माती नंतरही घालता येते. त्या वाघाला विष घातलं होतं आणि घालणारे बाहेरचे होते, हे पुढं सिद्ध झालं. पण तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं. आणि वाघ बाजूला ठेवला तरी विनापरवाना हत्यार घरात होतं. सरळ हिशेबानं त्याला तुरुंग होता, वर जंगलातलं काम गेलं असतं. रोज त्याची बायको भाकर घेऊन यायची आणि गजाआडच्या नवऱ्याशी गोंडीत काहीतरी बोलायची. तो नुसता मान हलवायचा. काय बोलतात ते आम्हाला कळत नव्हतं, पण ती विनवतेय आणि तो नाही म्हणतोय, एवढं समजायला भाषा लागत नाही.

रायफलीचा नंबर घेऊन जिल्ह्यात, नागपूरला आणि पूर्वी एकच प्रांत होता म्हणून जबलपूरलाही विचारणा धाडली. सगळीकडून यथावकाश उत्तरं आली, नोंद आढळत नाही. पण तोवर केस निकाली निघाली होती.

गाठ सुटली ती वेगळ्याच कारणानं. एका दुपारी शिपायानं मुद्देमाल तपासायला काढला आणि रायफल भिंतीशी, आमच्या बुटांच्या रांगेत टेकवून ठेवली. गजाआडचा हाकारा ताडकन उभा राहिला.

"साहेब, पायापाशी नोका ठिवू तिले."

इतक्या दिवसांत तो आपणहून बोलला ते एवढंच. मी रायफल टेबलावर घेतली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. तोवर मी नंबर पाहिला होता, नळ्या पाहिल्या होत्या. आता दिसलं की दस्त्याच्या वेलबुट्टीत हळदकुंकू भरून घट्ट झालंय, वर्षानुवर्षांचं, थरावर थर. आणि घोड्याच्या कडीत एक आपट्याचं पान दुमडून खोचलेलं होतं. वाळलेलं, पण हिरवट. म्हणजे याच दसऱ्याचं.

"तू पूजा करतोस हिची?"

"आमचे देव निराळे, साहेब," तो म्हणाला.

याचा अर्थ, दसऱ्याला कुणीतरी टोल्यावर येऊन या रायफलीची पूजा करून गेलं होतं. चहा पिता पिता मी जमादाराला विचारलं, "काय हो, दसऱ्याला टोल्यावर सोनं द्यायला कोण जातं?"

जमादार त्याच भागातला. तो हसायलाच लागला. "टोल्यावर कोन जाईन, साहेब? लहानानं मोठ्याच्या घरी जाऊन सोनं द्या लागते. सारं गाव, टोलाबी, मालगुजाराच्या घरी जाते." मग कप खाली ठेवून म्हणाला, "एक मालगुजाराची बाईच तेवढी उलटी. मालक वारल्यापासून दर दसऱ्याले थे सोताच टोल्यावर जाते. लोक म्हनतेत, बाई देवमानूस हाय."

जमादाराला हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं. सगळ्यांनी त्याला पुण्य म्हणून सोडून दिलं होतं. पोलिसाला अशी सोय नसते.

मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करायचा जुना जमीनदारी हक्क, केव्हाच गेली होती, पण घराला नाव तेच होतं. गेलो तेव्हा ओसरीत वेचणीच्या कापसाचा ढीग पडला होता आणि घराच्या मधोमध नवी विटांची भिंत उभी होती. दोन मुलं, दोन चुली. बाई पासष्टीच्या, ताठ बसलेल्या. रायफल गुंडाळलेल्या लुगड्याचा तुकडा मी पुढं ठेवला. त्यांनी आधी कामाच्या बायांना बाहेर धाडलं.

"त्याले मारलं का तुमी?"

"नाही."

"काही बोलला?"

"नाल्यात सापडली म्हणतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं टिपून त्यांनी सगळं सांगितलं. रायफल एका इंग्रज साहेबानं विलायतेला परत जाताना त्यांच्या सासऱ्यांना दिली होती. इंग्रजांच्या काळी अशा मानकऱ्यांना परवान्याची सूट होती, म्हणून कुठंच नोंद नव्हती. पुढं सूट गेली, पण मालकांनी परवाना काढला नाही, रायफल खुंटीवर तशीच राहिली. मालक वारले आणि वाटणीवरून दोन्ही भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले. एका सकाळी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात थोरल्यानं ती खुंटीवरून काढली.

"मी मधात उभी राह्यली म्हनून थांबला. दुसऱ्या खेपेले थांबला असता का? काडतुसं इहिरीत टाकली अन् बंदूक हाकाऱ्याले देली. मालकासंगं जंगलात फिरलेला मानूस, त्याच्याबिगर कोनाचा भरोसा करू? पोराइले सांगतलं, ठान्यात जमा केली."

"मुलांनी ठाण्यात विचारलं नाही?"

"कसे इचारतीन? परवाना नाई. इचाराले गेले तर तेच अडकतीन."

"मग खरंच ठाण्यात का नाही दिली?"

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू विचारत होत्या, यांना ठाणेदार कुणी केलं? "साहेब, ठान्यात देलेली वस्तू अर्ज करून वापस येते. थोरला वकिलाकडं गेला असता, धाकटा पुढाऱ्याकडं. गोंडाच्या घरी असन म्हनून कोनी सपनातबी पाह्यलं नसतं. पूजा चुकू नोये म्हनून मी जात होती, तेवढंच."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या गप्प राहिल्या तर हाकारा तुरुंगात जाईल. बोलल्या तर त्याची शिक्षा हलकी होईल, पण त्याही आरोपी होतील आणि रायफल कुठं होती, का होती, हे मुलांना भर कोर्टात कळेल. बाईंनी घरामधल्या त्या नव्या भिंतीकडं पाहिलं.

"माह्यं नाव टाका," म्हणाल्या.

ठाण्यात येऊन हाकाऱ्याला सांगितलं, बाईंनी सगळं कबूल केलंय. त्याचा विश्वास बसेना. "बाईले येक डाव माह्यासमोर बोलू द्या, मंग मी बोलीन," म्हणाला. तोवर रायफल नाल्यातच सापडलेली होती.

दोघांवर आरोपपत्र ठेवलं. कोर्टात बाई उभ्या राहिल्या आणि ओसरीवर सांगितलं तेच सांगितलं, शब्द न गाळता. दोन्ही मुलं मागं, दोन टोकांना उभी होती. दंडाधिकाऱ्यांनी विचारलं, रायफलीवर कुणाचा दावा आहे का? धाकटा खाली पाहत होता. थोरल्यानं आईकडं पाहिलं आणि मान हलवली. "नाई, साहेब. सरकारजमा करा."

दोघांनाही सारखी शिक्षा झाली, थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टातच बसून राहायचं. बाई बाकावर बसल्या. हाकारा सवयीनं त्यांच्या पायाशी फरशीवर बसू लागला.

"वर बस बावा," बाई म्हणाल्या. "शिक्षा दोघाइले सारखीच हाय."

तो अंग चोरून बाकाच्या टोकाला बसला. त्याच्या बायकोनं आणलेली भाकर दुपारी दोघांनी खाल्ली. मालगुजाराच्या घरची बाई गोंडाच्या हातची भाकर खातेय, हे त्या काळी लहान नव्हतं. माझा जमादार खिडकीबाहेर पाहत राहिला. मीही पाहिलं नाही असं केलं.

वस्तूचा माग काढताना आम्ही पोलीस ती कुठून आली तेवढं विचारतो. ती कुणी, कशासाठी सांभाळली, हे विचारायला मला त्या केसनं शिकवलं, आणि पुढं ते फार कामाला आलं. भाऊ लगेच एक झाले असं मी म्हणणार नाही. भिंत माझी बदली होईपर्यंत तशीच होती. पण धुऱ्यावर पुन्हा कुणी हत्यार काढल्याची खबर माझ्या ठाण्यात आली नाही.

पुढच्या दसऱ्याला आम्ही ठाण्यात शस्त्रपूजा केली. दुपारी जमादार गावाकडून आला आणि टोपी काढत म्हणाला, "साहेब, बाई आजबी टोल्यावर गेली. आता तिथं काय हाय?"

टेबलावर आपट्याची पानं होती, त्यातली दोन त्याच्या हातात ठेवली.