उभ्या गाडीत टेप बंद

आमच्या जीपमधला टेप गाडी चालत असेल तेव्हाच वाजायचा. गाडी उभी राहिली की आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, तो बंद करायचे. बॅटरी जुनी होती. उभ्या गाडीत टेप चालू ठेवला की ती उतरायची, मग बसलेल्या माणसांना खाली उतरवून धक्का मारायला लावावं लागायचं, आणि धक्का मारताना माणसं जे बोलायची ते आमच्या लेकीच्या कानावर पडू नये असं मालकांना वाटायचं. म्हणून तो नियम. त्यातून पुढं काय होणार होतं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

जीप वडापची होती, वाटेतली माणसं कोंबून भाड्यानं न्यायची. एरवी वेल्ह्याच्या स्टँडपासून नसरापूरपर्यंत, आणि भोरच्या बाजाराच्या दिवशी थेट भोर. त्या दिवशी मी आणि मुलगी बरोबर जायचो, कारण माझं माहेर उत्रोली, भोरच्या अगदी जवळ. मालक आम्हाला तिथं सोडायचे आणि दिवस कलला की न्यायला यायचे. मुलगी माझ्या मांडीवर, माझ्या पलीकडं आणखी एखादी बाई, मालकांच्या उजव्या हाताला अर्धा बाहेर लोंबकळणारा एक माणूस, आणि मागं कोंबून भरलेले लोक. हीच आमची सहल. दुसरीकडं आम्ही तिघं मिळून कधी कुठं गेलो नाही.

मुलगी बोलायची नाही. मुकी नव्हती. घरात माझ्याशी बोलायची, शेळीशी बोलायची, चुलीपुढं बसून स्वतःशी पण बोलायची. परकं माणूस दिसलं की तिचं तोंड मिटायचं आणि ती माझ्या पदराचा काठ मुठीत धरायची. बालवाडीच्या बाई मला म्हणाल्या होत्या की वर्ष संपत आलं तरी मी तुमच्या पोरीचा आवाज ऐकलेला नाही.

मला ते नवीन नव्हतं. मीही तशीच. चौथी झाल्यावर पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत नाव घालायला गेले तेव्हा गुरुजींनी मला माझंच नाव विचारलं आणि मला ते सांगता आलं नाही. वडील म्हणाले, राहू द्या, घरी काम आहेच. लग्नानंतर एकदा एकटी एसटीनं माहेरी निघाले होते. उत्रोली आली, मला दिसली, पण उतरायचंय हे कंडक्टरला सांगायला तोंड उघडेना. गाडी भोरच्या स्टँडवर गेली आणि मी उन्हातून मागं चालत आले. भावजय अजून ते सांगून हसते. मी पण हसते. पण माझ्या मुलीनं असं आपला थांबा मागं पडताना बघत बसू नये, एवढंच मला वाटायचं. माझं दुसरं काही मागणं नव्हतं.

मालकांना माझं हे मागणं कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांना ते कळत असावं. एकदा गाडीचं सामान आणायला पुण्याला गेले आणि येताना एक कॅसेट घेऊन आले. खोक्यावर मोटारीत बसलेल्या गोऱ्या-गोऱ्या मुलांचं चित्र होतं, पुढं हसणारे आईबाप, आणि खाली लिहिलं होतं की प्रवासात हसतखेळत शिका. मी ते मोठ्यानं वाचलं. मालक म्हणाले, आपणपण प्रवासच करतो की. एका बाजूला दोन ते दहाचे पाढे होते, चालीवर. दुसऱ्या बाजूला पाण्याच्या एका थेंबाची गोष्ट होती, तो समुद्रातून ढगात कसा जातो आणि डोंगरावर कसा पडतो. टेपमधली बाई एक ओळ म्हणायची, मग नुसती पेटी वाजायची, तेवढ्यात मुलांनी ती ओळ म्हणायची.

जाताना पाढे आणि येताना थेंब, असं ठरून गेलं.

पहिल्यांदा लोकांनी फार चेष्टा केली. मागून एक म्हातारे म्हणाले, "आरं, म्या नसरापूरला चाललोय का पयलीच्या वर्गात?"

"भाडं देताना तुमचा हिशेब रोज चुकतो, आबा," मालक म्हणाले. "ऐका जरा, तुमच्यासाठीच लावलंय."

सगळी गाडी हसली. मग हळूहळू मागची माणसंही टेपबरोबर म्हणायला लागली, दूधवाले सगळ्यात मोठ्यानं. आणि एका बाजाराच्या दिवशी विंझरच्या पुढं माझ्या मांडीवरून आवाज आला. पहिल्यांदा मला वाटलं पलीकडच्या बाईचं लेकरू आहे. ती माझी मुलगी होती. समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत, टेपच्या बाईच्या मागोमाग, चांगल्या खणखणीत आवाजात ती तीनाचा पाढा म्हणत होती. मालकांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी फक्त गाडीचा वेग कमी केला.

त्यानंतर ती दर फेरीला म्हणायची. टेपच्या आधी म्हणायला लागली. विंझर मागं पडलं की तीन, मार्गासनी आली की पाच, आंबवण्याच्या अलीकडं सात. माणूस चढायला-उतरायला गाडी थांबली की टेप थांबायचा आणि तीही थांबायची, ओळ अर्धी असली तरी. गाडी हलली की पुढची अर्धी. मला ते गोड वाटायचं. टेप रस्त्याबरोबर चालतो आणि रस्ता टेपबरोबर, हे मी कधी वेगळं करून बघितलं नाही. मालकांनीही नाही. ते स्टँडवर ओळखीच्या माणसाला धरून सांगायचे की पोरगी दहापर्यंत पाढे म्हणते.

त्या वर्षी भोरला इंग्रजी शाळा निघाली होती. पहिलीत घ्यायच्या आधी मुलांना बोलावून चार गोष्टी विचारायचे. उत्रोलीला माझ्या भावाकडं राहून ती शाळेत जाईल, असं मालकांनी ठरवलं. तिच्याशिवाय घर कसं वाटेल याचा विचार मी केला नाही असं नाही, पण तिथं ती बोलती होईल, चार माणसांत उठून उत्तर देईल, ह्यापुढं मला माझं काही नको होतं.

जायच्या दिवशी मालकांनी गाडीत एकही पॅसेंजर घेतला नाही. मुलगी पहिल्यांदा सीटवर एकटी बसली, माझ्या मांडीवर नाही. वाटेत सगळे पाढे म्हणाली. नसरापूरच्या पुढं, चेलाडीला हमरस्ता लागेपर्यंत नवाचा संपला होता. कापूरहोळला मालकांनी तिला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला.

शाळेतल्या मोठ्या बाई चांगल्या होत्या, त्यांना मी कधी वाईट म्हटलं नाही. त्यांनी मुलीला जवळ घेतलं, नाव विचारलं. मग अंगावरच्या फ्रॉकचा रंग विचारला. मग म्हणाल्या, बाबा म्हणतात तुला पाढे येतात, पाचाचा म्हण बरं. मुलगी भिंतीकडं बघत राहिली. मग त्यांनी स्वतः सुरुवात करून दिली, पाच एके पाच म्हणाल्या आणि थांबल्या. मुलीनं माझा पदर धरला.

मालक म्हणाले, "मॅडम, गाडीत म्हणते ती. तुमी गाडीपाशी चला. हितंच हाय, दारात."

बाई हसल्या, पण आल्या. ओळीत बसलेले बाकीचे आईबापही उठून व्हरांड्यात आले. मालकांनी मुलीला पुढच्या सीटवर बसवलं, टेप लावला. उभ्या गाडीत तो टेप तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. टेपमधली बाई म्हणाली, पेटी वाजली, पेटी संपली. मुलगी समोरच्या काचेतून बघत होती. काचेपुढं शाळेची भिंत होती.

तेव्हा मला कळलं. एवढ्या माणसांपुढं माझ्या तोंडून शब्द कसा फुटला माहीत नाही, पण मी मालकांना म्हणाले, "गाडी चालवा. ती रस्त्याची वाट बघतीय."

त्यांनी गाडी चालू केली आणि शाळेच्या मैदानात फेरी मारली. मग दुसरी. धूळ उडाली. मोठ्या बाई तोंडाला पदर लावून मध्ये उभ्या, मी त्यांच्या शेजारी. व्हरांड्यातून एकजण म्हणाला, "ॲडमिशन पोरीचं हाय का ड्रायवरचं?" बायका हसल्या. फिरत्या गाडीत मुलगी एकदा डावीकडं बघायची, एकदा उजवीकडं. तिथं विंझर नव्हतं, मार्गासनी नव्हती, काहीच नव्हतं. टेप मात्र मोठ्यानं वाजत होता. गाडी आमच्यासमोरून गेली तेव्हा ती रडत होती, तेही आवाज न करता.

बाईंनी हात करून गाडी थांबवली. म्हणाल्या, पुढच्या वर्षी आणा, तोपर्यंत चार मुलांत बसवा तिला. मालकांनी मान हलवली. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

परतताना टेप लावला नाही. मुलगी पुन्हा माझ्या मांडीवर आली होती. चेलाडीला हमरस्ता सोडून गाडी आमच्या रस्त्याला लागली, नसरापूर मागं पडलं, आणि तिनं सुरू केलं. पाण्याचा थेंब समुद्रात खेळत होता, ऊन आलं, थेंब हलका झाला. टेप नसताना. पेटीएवढी जागा सोडून पुढची ओळ. एक शब्द इकडचा तिकडं नाही. मी तिच्या केसांत तोंड घालून ऐकत होते. मनात म्हणत होते, आता तरी हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

मालक रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "आता कुणाला ऐकवतीस?"

ओरडले नाहीत. ओरडले असते तर ती कदाचित रडली असती आणि विसरली असती. थकलेल्या माणसासारखं म्हणाले. ती ढगापाशी थांबली.

मी म्हणाले, "म्हणू द्या की तिला."

त्यांनी गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग तिच्याकडं वळले, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बोल, बाळा. मी ऐकतोय. बोल."

गाडी उभी होती. ती कशी बोलणार. मी त्यांना खूण केली, त्यांनी पुन्हा गाडी चालू केली, हळू चालवली, बैलगाडीसारखी, आणि म्हणत राहिले, बोल, थेंब ढगात गेला, मग काय झालं, बोल. आंबवणे गेलं, मार्गासनी गेली. तिनं ओठ आत घेतले होते. घरी आल्यावर सरळ शेळीपाशी जाऊन बसली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मालकांनी टेप लावला. ती बाहेर बघत राहिली. पुढं कितीतरी महिने त्यांनी तो टेप लावणं सोडलं नाही. माणसं कंटाळली, म्हणायची आता गाणी लावा, पाढे पाठ झाले आमचे. विंझर आलं की ते डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडं बघायचे. मागचे दूधवाले म्हणायचे, आबा म्हणायचे. तिच्या तोंडून एक आकडा आला नाही. शेवटी कॅसेट घासून बाईचा आवाज पुरुषासारखा झाला आणि मग नुसती खरखर येऊ लागली. मालकांनी ती काढून ठेवली. तिच्या जागी दुसरी आणली नाही.

पुढच्या वर्षी भोरला गेलो नाही. मी म्हटलं असतं तर मालक गेले असते, पण मीच काय, तेही त्या मैदानात परत उभे राहू शकले नसते. गावच्याच शाळेत ती शिकली. अक्षर चांगलं होतं. लिहायला दिलं की सगळं लिहायची, गुरुजी म्हणायचे हुशार आहे, पण तोंडी विचारलं की उभी राहते आणि खाली बघते. आठवीनंतर तीही घरी राहिली. कुणी जबरदस्ती केली नाही. वर्गात बोलावं लागतं म्हणून नको म्हणाली, आणि ते सुद्धा मानेनंच.

मालकांनी जीप काढून टाकली. आता दुसऱ्याच्या टेम्पोवर जातात. मुलीला सारोळ्याला दिली. माणसं बरी आहेत. सून शांत आहे म्हणून त्यांनी आमचं फार कौतुक केलं, मालक तिथून उठून बाहेर गेले. मला पण तिथं बसवेना, पण मी कुठं जाणार होते.

मागच्या महिन्यात ती माहेरपणाला आली होती. रात्रंदिवस पोट धरून बसायची. मी तिला भोरला डॉक्टरांकडं घेऊन गेले. मालक टेम्पोवर होते, म्हणून आम्ही दोघीच. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं कुठं दुखतंय, कधीपासून. ती माझ्याकडं बघायला लागली. डॉक्टरही माझ्याकडं बघायला लागले. मला काय ठाऊक, तिनं मला तरी कुठं सांगितलं होतं. घरात माझ्याशी बोलायची ती मुलगी केव्हाच गेली. मी म्हणाले, पोटात. डॉक्टर म्हणाले, पोटात कुठं, वर का खाली, जेवल्यावर का उपाशी, मला तिच्या तोंडून ऐकू द्या. मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं ओठ आत घेतले.

बाहेर गर्दी होती. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट बघितली, मग गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, ह्यानं बरं वाटलं नाही तर सांगा.

आम्ही दोघींनी मान हलवली.