इंजिनाची आंघोळ

हिवाळ्यात आमच्या घरी पहिल्या आंघोळीचा मान इंजिनाचा असे.

मध्यभारत राज्य तेव्हा नवं होतं, नोकरीत मीही नवा होतो. जुनं होतं ते इंदूरच्या पोलोग्राउंडवरच्या आमच्या कारखान्यातलं, मालडबे ओढणारं छोटं डिझेल इंजिन! थंडीत त्याच्या रेडिएटरमध्ये कढत पाणी ओतल्याशिवाय ते ढिम्म हलायचं नाही. आमचा क्वार्टर आवारातच, म्हणून पाणी आमच्याच चुलीवरून जाई. (घरची मंडळी मग गारढोण पाण्याने "हर हर गंगे" करत.)

एके दिवशी कारखान्याचे मालक, शेटजी, स्वतः इंजिन बघायला येणार होते. इंजिन चालू झालं तर मी ड्रायव्हर म्हणून पक्का; नाही तर इंजिन भंगारात आणि मी घरी! सकाळी घाईघाईत स्वयंपाकघरात शिरलो. चुलीवर दोन हंडे वाफाळत होते.

"अहो, थांबा! मी देते काढून," बायको अंगणातून ओरडली.

"थांबायला वेळ कुणाला आहे?" मी मोठा हंडा उचलला आणि सुटलो.

पाणी ओतलं, हँडल फिरवलं. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि धडधडायला लागलं!

"वा भिया!" शेटजी म्हणाले. मी मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात रेडिएटरच्या तोंडातून फेस आला. पांढराशुभ्र! वाढत वाढत तो शेटजींच्या जोड्यांपर्यंत पोचला.

"अरे, ये क्या हो रिया है?"

"ठंड है, शेटजी," मी म्हणालो. (दुसरं काय सुचणार, डोंबल!)

एवढ्यात बायको धापा टाकत आली. "अहो, काय केलंत हे! सासूबाईंच्या केसांसाठी रिठे उकळले होते त्यात!"

मला दरदरून घाम फुटला. गेली नोकरी! इंदूरच सुटलं! आईला काय तोंड दाखवू?

शेटजींनी फेसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "इंजिन चालू है?"

"है, शेटजी."

"तो फिर तू पक्का!" म्हणाले, आणि पोट धरून असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, मी तिथेच त्या फेसात मटकन बसलो.

हजेरीबुकात ड्रायव्हर म्हणून माझं नाव चढलं. पण थंडीत इंजिन अडून बसलं की अख्खा कारखाना मला बाजूला सारून ओरडे, "अरे, भाभीजी को बुलाओ!"